हौसा पाण्यात होती तेव्हा

गोष्ट नेमकी कुठे तोडायची हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ते मला उपजतच येत होतं, आणि त्याचा मला तेव्हाही अभिमान वाटायचा, आजही वाटतो. दावीदाने गोफणीत गोटा घातला, हात डोक्यावर गरगरा फिरवायला लागला, की मी फळा पुसायला घ्यायची. दानिएलाला सिंहांच्या गुहेत सोडलं, तोंडावर धोंड लोटली, की हात जोडा, डोळे मिटा, प्रार्थना आणि घरी. पोरं कालवा करायची. "बाय, मंग? खाल्लान का त्याला?" मी घंटा वाजवत म्हणायची, "रविवारी." मग आठवडाभर ती पोरं मला नळावर गाठायची, दुकानात गाठायची. बाबांच्या दवाखान्यात खोकल्याचं औषध घ्यायला आलेलं पोर बाटली बाजूला ठेवून आधी दानिएलाची खबर विचारायचं. मी दाद देत नसे. परवा माझी नात फोनवर मालिका बघत होती. एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू. मी म्हटलं, "अगं, थांब जरा, आता काय होईल याचा विचार तर कर." ती म्हणाली, "कशाला? कळतंच आहे ना लगेच." तिच्याशी वाद घालण्यात काही अर्थ नव्हता.

आम्ही मूळचे समुद्राकाठचे नव्हे. बाबा नगरकडचे, सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. काशीदच्या अलीकडच्या त्या गावात त्यांची बदली झाली तेव्हा मी आईच्या कडेवर होते, त्यामुळे मला दुसरं गाव ठाऊकच नाही. आईने मात्र शेवटपर्यंत दोन्ही गावं एका चुलीवर नांदवली. भाकरी नगरची, कालवण कोकणचं. रविवारी सकाळी ती बिडाच्या तव्यावर घावणे घालायची आणि उपासनेत म्हणायचं गीत गुणगुणत बसायची. घावण टाकलं की ओळ सुरू, ओळ संपली की झाकण उघडायचं. तिचं घावण कधी करपलं नाही, त्यामुळे आमच्याकडे गीतांच्या चाली सगळ्या एकाच वेगाने म्हटल्या जायच्या, आणि चर्चमध्ये पायपेटीवाले काका आईकडे बघून नाराजीने मान हलवायचे. गरम घावण नारळाच्या गोड रसात बुडवून खाऊन, केसांना घट्ट रिबीन बांधून आम्ही निघायचो. चर्च समोरच होतं, कौलारू, बुटकं, समुद्राच्या पुळणीला लागून. दारात लोखंडी रुळाचा एक तुकडा टांगलेला असे, तो ठोकला की उपासना सुरू. खिडकीतून वारा आला की शास्त्राची, म्हणजे बायबलची, पानं आपोआप उलटायची आणि पाळकसाहेब उत्पत्तीतून थेट स्तोत्रसंहितेत जायचे. आता त्या आवाराच्या दोन्ही बाजूंना पर्यटकांसाठी खोल्या झाल्या आहेत, आणि रविवारी सकाळी तिथून वेगळीच गाणी ऐकू येतात.

आमची चर्चची मंडळी लहान होती. हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी घरं, त्यांतली शाळकरी पोरंही थोडीच. उपासनेनंतर ओसरीवर संडे स्कूल भरायचं आणि ते साळवी मास्तर चालवायचे. मास्तर प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, मंडळीतले ज्येष्ठ, उंच, ताठ, पांढऱ्या शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारे. त्यांची पद्धत म्हणजे पाठांतर. वचन म्हणा, पुन्हा म्हणा, चुकलात तर उभे राहा. पोरं उभी राहून राहून दमायची आणि एकेक करून गळायची. शेवटी ओसरीवर माझा धाकटा भाऊ आणि पायपेटीवाल्या काकांच्या दोन मुली उरल्या, त्याही घरच्यांनी ढकलल्या म्हणून. मी तेव्हा मॅट्रिक होऊन बसले होते. अध्यापिका विद्यालयात अर्ज केला होता, त्याचं उत्तर येत नव्हतं, आणि घरात आत्याने आणलेल्या स्थळांची कुजबुज सुरू झाली होती. पाळकसाहेबांनी मास्तरांना सांगितलं, शालिनी रिकामी आहे, धाकटी मुलं तिला द्या. मास्तरांनी मला पितळी हातघंटा दिली आणि म्हणाले, "मुलांनी वचन पाठ केलं पाहिजे. बाकी काही नाही."

बाकी सगळं मी केलं. यरीहोचा तट आम्ही बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांनी रचायचो, सात फेऱ्या घालायचो, आणि सातवीला जो आरोळ्यांचा गजर उठायचा त्याने डबे पडायचेच, पडले नाहीत तर माझा भाऊ पाय लावायचा. जक्कय झाडावर चढला त्या रविवारी आवारातल्या पेरूवर एकही पेरू राहिला नाही. हरवलेलं मेंढरू म्हणजे लपाछपी. हे आवाज शेजारच्या कोळीवाड्यात जाणारच. आधी कोळ्यांची पोरं कुंपणावरून बघायला लागली, मग कुंपणावर बसायला लागली, मग ओसरीवर. त्यांच्या घरी देव होते, सण होते, आणि त्यांच्या आयांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "आमचा देव हाय आमाला. गोष्टीपुरती धाडताव पोरं." मीही म्हटलं होतं, गोष्टीपुरतीच येऊ देत. ओसरीवर पोरं मावेनाशी झाली. मास्तर दारात उभे राहून बघायचे आणि वरच्या बटणाशी चाळा करायचे.

या पोरांत हौसा होती. धर्मा नाखव्याची, म्हणजे एका होडीच्या मालकाची, ही मुलगी. तिची आई पारूमावशी आमच्या दारी मासळी आणायची. पावसाळ्यात होड्या पुळणीवर शाकारून ठेवलेल्या, मग पाटीत सुकट, जवळा आणि कधी खाडीतल्या चिंबोऱ्या. हौसाला प्रत्येक गोष्टीत मुख्य माणूस व्हायचं असायचं. गल्याथ झाली, शौल राजा झाली, अब्राहामाच्या गोष्टीत अब्राहाम दुसऱ्या कुणाला दिला म्हणून रुसून मेंढा झाली आणि इतकी बेंबाटली की अब्राहामाचं कुणी ऐकलंच नाही. तिला खोटं खोटं काही करताच येत नसे. एकदा मी मुलांना म्हटलं की तुम्ही आता अरण्यात आहात आणि तुम्हाला तहान लागली आहे, देव खडकातून पाणी काढणार आहे, तर ती घरी जाऊन आईला म्हणाली की मी पाणी पिणार नाही, अजून खडकातून आलेलं नाही. पारूमावशीने तिला एक धपाटा घातला आणि तांब्या तोंडाला लावला.

श्रावणात योना आला. देवाने ज्याला निनवे शहरात जा म्हटलं आणि जो उलट दिशेच्या जहाजात बसला, तो हा योना. नारळी पौर्णिमा जवळ आली होती, होड्यांवरचे झावळ्यांचे झाप निघाले होते, आणि चर्चच्या समोरच धर्मा नाखव्याची होडी नवा रंग लावून ओंडक्यांवर उभी होती. खरीखुरी होडी समोर असताना योना ओसरीवर करायचा म्हणजे कपाळकरंटेपणा होता. मी नाखव्याला विचारलं. तो तंबाखू मळत हसला आणि म्हणाला, "घे की. रंग सुकलाय. पोरं नाचली तर फली जरा बसतील तरी." रविवारी आम्ही सगळे होडीत चढलो. काही पोरं खलाशी, काही वारा, माझा भाऊ पत्रा वाजवून मेघगर्जना. वादळ असं काही झालं की पाळकसाहेब बाहेर येऊन बघून गेले. मग वादळ कुणामुळे आलं ते शोधायला चिठ्ठ्यांऐवजी चिंचोके. डब्यात हात घालायचा, घासून पांढरा केलेला चिंचोका ज्याच्या हाती येईल तो योना. तो हौसाच्या हाती आला. तिने बोटांनी चाचपून ओळखला असणार असा मला आजही संशय आहे. "माझ्यामुळे हे वादळ आलंय, मला समुद्रात टाका," असं तिने इतकं मनापासून म्हटलं की खलाशी घाबरले, आणि मग चौघांनी उचलून तिला होडीबाहेर टाकलं. खाली जुन्या जाळ्यांचा ढीग होता, त्यावर ती पसरली. वारा थांबला, पत्रा थांबला. मी घंटा वाजवली. "बाय, मंग?" "रविवारी. तोपर्यंत योना पाण्यात." आपल्या कामावर इतकी खूश मी क्वचितच झाले असेन.

त्याच संध्याकाळी पारूमावशी आमच्या मागच्या दारी आली. डोक्यावर पाटी नव्हती. आई पायरीवर तांदूळ निवडत बसली होती, तिने बस म्हटलं.

"बसाला न्हाय आली. शालू हाय का?" मी पुढे झाले. "माजे पोरीला तू होरीतशी दर्यात टाकलीस?"

मला हसू आलं. "मावशी, खेळ होता तो. खाली जाळी होती. लागलं का तिला?"

"लागलं न्हाय. लागलं असतं तर बरं झालं असतं, हलद लावली असती." तिने पदर खोचला. "मंग बाहेर कवा काढलीस?"

"म्हणजे?"

"दर्यातशी बाहेर कवा काढलीस तिला? मी विचारला तिला. ती बोलते, बाय बोलली, योना पान्यात हाय, रविवारपर्यंत पान्यातच. बुधवारी नारली पुनव. होरी लोटाची हाय. त्याच होरीतशी पोर पडली नि तशीच ठेवलीस? खलाशी आयकून बसलंन. एक पन चढाला तयार न्हाय. मी पन चढू देनार न्हाय."

"अगं, ती घरी जेवतेय ना?"

"जेवते. पन तू सांगितलंस ना, पान्यात हाय म्हनून!"

मला त्या लोकांची बोलायची रीत ठाऊक होती. पारूमावशी विहिरीत घागर बुडवायची नाही, भरायची. नवरा समुद्रावर असला की तिच्या घरात बुडणे हा शब्द डाळीतल्या चमच्याबद्दलसुद्धा निघत नसे. हे सगळं माहीत असून मला होडीत उभं राहून त्याचा विचार आला नाही, कारण मी गोष्टीत होते. आणि खरं सांगायचं तर पारूमावशीने त्या गोष्टीला जेवढं खरं मानलं तेवढं आमच्या मंडळीत कुणीही मानलेलं मी पाहिलं नव्हतं. मावशी गेल्यावर आई तांदूळ पाखडत म्हणाली, "पौर्णिमेला सगळ्या होड्या जातील आणि यांची पुळणीवर राहील. वर्षभर लोक बोलतील." मी म्हटलं, "रविवारपर्यंत कशाला, उद्या-परवाच काढते बाहेर. त्यात काय एवढं." मला वाटलं प्रश्न सुटला.

दुसऱ्या दिवशी मी मास्तरांकडे गेले, होडीवर जादा वर्ग घेते एवढंच सांगायला. कोळीवाड्यातली बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती. ते खुर्चीत सरळ बसले होते.

"कशासाठी घेतेस वर्ग?"

"गोष्ट पुरी करायला."

"गोष्ट रविवारी पुरी होणारच आहे. पौर्णिमेच्या आत का? होडीला लागलेलं काढायला ना?"

मी हातातली घंटा दुसऱ्या हातात घेतली.

"देवाचं वचन म्हणजे दृष्ट काढायची मीठमोहरी नव्हे, शालिनी." त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त लागला. "माझ्या वडिलांनी हे उतारेतोडगे सोडले म्हणून गावाने त्यांना विहिरीवर येऊ दिलं नाही. माझी आई ओढ्याचं पाणी गाळून आम्हाला पाजायची. आणि आज तू शास्त्र हातात घेऊन पुळणीवर जाऊन तेच करणार?"

"मी गोष्ट सांगणार आहे, मास्तर. ती अर्धी मीच ठेवली."

"अवश्य जा. पण संडे स्कूलची शिक्षिका म्हणून नाही. घंटा इथे ठेव."

माझ्या हातात त्या वर्गाखेरीज तेव्हा काही नव्हतं. कॉलेजचं पत्र आलेलं नव्हतं, येईल याची खात्री नव्हती, आणि मला पहिल्यांदाच एखादी गोष्ट अशी सापडली होती की जी मी करायला लागले की लोक थांबून बघायचे. ओसरीवरच्या त्या पोरांसमोर मी जी असायची ती घरात नसायची, आरशात नसायची. ते सगळं आता सोडायचं होतं. पण हौसाला पाण्यात मी टाकलं होतं, मास्तरांनी नव्हे, आणि ज्याने टाकलं त्यानेच काढायला हवं एवढं मला लख्ख दिसत होतं. मी घंटेचा लोलक बोटांनी धरला, आवाज होऊ नये म्हणून, आणि ती त्यांच्या टेबलावर ठेवून बाहेर आले. घरी बाबा पुड्या बांधत होते. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "रडू येतंय का?" मी म्हटलं, हो. "मग आधी रड आणि मग जा," ते म्हणाले, आणि पुड्या बांधत राहिले. मी त्यांच्या शेजारी बसून मनसोक्त रडले. नंतर आईने सुकटीची चटणी आणि भाकरी वाढली आणि मी पोटभर जेवले. मला रडल्यावर नेहमी भूक लागते.

मंगळवारी दुपारी पुळणीवर अख्खा कोळीवाडा होता. श्रावणातलं ऊन मध्येच असं लागतं की वाळूवर पाय ठरत नाही. होडीला पताका बांधल्या होत्या, पण खलाशी तिच्याकडे पाठ करून बसले होते. धर्मा नाखवा त्यांच्यापासून दूर उभा राहून तंबाखू मळत होता, हसत नव्हता. पारूमावशीने हौसाला न्हाऊ घालून, तेल लावून, केसांत अबोली माळून आणलं होतं आणि ज्या जागी ती पडली होती नेमकी तीच जागा विचारून घेऊन तिला जाळ्यांच्या ढिगावर निजवलं होतं. हौसा डोळे मिटून, हात पसरून खरोखरच तरंगत होती. मी शास्त्र उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की योनाला गिळणारा मासा नाही. रविवारसाठी मी कामट्या आणि गोणपाटाचा मोठा मासा करणार होते, त्याची अजून एक कामटीसुद्धा तासलेली नव्हती.

"मासा कोन?" हौसाने डोळे न उघडता विचारलं.

मी खलाशांकडे बघितलं. "तुम्हीच व्हा," मी म्हटलं. "तुमच्याच होडीतून पडलीय ती."

ते एकमेकांकडे बघायला लागले. मग त्यांतला एक, गणपत नावाचा दांडगा गडी, उठला आणि होडीवरची ताडपत्री ओढून घेतली. बाकीचे त्याच्या मागे गेले. चारी कोपरे धरून, पुढची कड जबड्यासारखी वर उचलून ते आले, आणि त्यांनी हौसाला गिळलं. पोरं किंचाळली. आत अंधारात योनाने प्रार्थना केली. मी एकेक वाक्य सांगत होते आणि ताडपत्रीखालून हौसाचा आवाज येत होता, पाणी माझ्या गळ्याशी आलं, शेवाळ माझ्या डोक्याला गुंडाळलं, तरी देवा, तू मला वर काढलंस. बायका पुढे सरकल्या होत्या. एकीने डोळ्याला पदर लावलेला मी पाहिला, तिच्या घरातलं कुणी तरी परत आलेलं नव्हतं. मग मी म्हटलं, "आणि देवाने माशाला सांगितलं, आणि माशाने योनाला कोरड्या जमिनीवर ओकून टाकलं." खलाशांनी हे काम फार मनावर घेतलं. चौघांनी मिळून ओकारीचा जो आवाज काढला त्याने माणसं हसून हसून वाकली, आणि हौसा गडगडत येऊन आईच्या पायांशी पडली. पारूमावशीने तिला उचललं, तिच्या अंगावरची वाळू झटकली, पुन्हा झटकली, आणि घट्ट धरून ठेवलं. मला सुटल्यासारखं वाटलं. मी शास्त्र मिटणार तोच ती म्हणाली, "थांब गो. पुढं काय झाला त्या योनाचा? सगली सांग. परत अर्धी नको."

म्हणून मी पुढे गेले. योना निनवेला गेला, शहराचा नाश होणार म्हणून ओरडत फिरला, आणि माणसं पस्तावली, राजासुद्धा राखेत बसला, आणि देवाने त्यांना माफ केलं. "झ्याक झाला," नाखवा म्हणाला. "झ्याक नाही," मी म्हटलं. "योनाला राग आला. ती परकी माणसं, वेगळ्या रीतीची, त्यांच्यावर देवाने दया का करावी म्हणून तो रुसून शहराबाहेर जाऊन बसला. देवाने त्याच्यावर एक वेल वाढवला आणि तो त्याच्या सावलीत बसला."

"मी कुठं बसू?" हौसाने विचारलं. ती अजून योना होती.

"शहराबाहेर. सावलीत."

तिने चारी बाजूंना बघितलं. होडी आणि गर्दी सोडली तर त्या उघड्या पुळणीवर सावली एकच होती. गर्दीच्या पार मागे, वाळू सुरू होते तिथे, साळवी मास्तर काळी छत्री उघडून उभे होते. कधी येऊन उभे राहिले होते कोण जाणे. हौसा सरळ चालत गेली, त्यांच्या छत्रीखाली पायांशी बसली आणि गाल फुगवून रुसली. सगळे वळले आणि खलाशी सावरून उभे राहिले. त्या खलाशांतल्या प्रत्येकाने मास्तरांच्या हातची छडी खाल्लेली होती.

मी म्हटलं, "पण दुसऱ्या दिवशी पहाटे देवाने एक कीड पाठवली, आणि त्या वेलाला..." आणि मी थांबले. या खेपेला मुद्दाम नव्हे. मला पुढे बोलायचा धीर होईना.

मास्तर हौसाकडे बघत होते. माझा जन्मही झाला नव्हता तेव्हापासून ते ही गोष्ट शिकवत होते. त्यांनी हात वर नेला, छत्रीचा घोडा दाबला आणि ती मिटली.

"वेल वाळला," ते म्हणाले.

हौसाच्या डोक्यावर रणरणतं ऊन आलं. "ऊन लागते!" ती ओरडली. "मास्तर, छत्री उघडा!"

"राग आला?"

"मंग? येनारच!"

"छत्री तुझी होती? तू शिवलीस?"

"न्हाय."

"एका छत्रीसाठी तुला इतकं वाईट वाटतं." मास्तर बोलता बोलता थांबले. त्यांनी समोर बघितलं, पारूमावशीकडे, गणपतकडे, ताडपत्री अजून धरून असलेल्या माणसांकडे, होडीच्या सावटाला येऊन बसलेल्या शेळीकडे. चर्चमध्ये वचन म्हणताना त्यांचा आवाज खणखणीत असायचा. त्या दिवशी तो घसरला. "मग देव म्हणाला, या शहरात इतकी माणसं आहेत. त्यांना आपला उजवा हात कोणता आणि डावा कोणता एवढंही अजून उमगलेलं नाही. आणि गुरंढोरंही आहेत. त्यांची मला दया येऊ नये काय?"



"मंग?" पारूमावशी म्हणाली. "योना काय बोलला?"

"ते शास्त्रात लिहिलेलं नाही," मास्तर म्हणाले. "गोष्ट इथंच संपते."

"इथंच? अशी अर्धीच?" पारूमावशी कंबरेवर हात ठेवून माझ्याकडे वळली. "बरा, आता समजला. ही खोड तुला तुमच्या देवानंच लावलीय."

आधी गणपत हसला, मग सगळी पुळण. मास्तरांनी तोंडावर हात धरला होता, पण त्यांचे खांदे हलताना मी पाहिले. हसू ओसरल्यावर त्यांनी पारूमावशीला विचारलं, "पण पोर पाण्याबाहेर आली ना?" मावशीने लेकीकडे एकवार नीट बघितलं आणि म्हणाली, "आली." नाखव्याने मळलेली तंबाखू तोंडात टाकली आणि खलाशांना ताडपत्री घडी करायला सांगितलं.

हौसा मात्र उन्हात तशीच बसली होती. "बोलला काय पन तो?" तिने मास्तरांना पुन्हा विचारलं.

"मला कशाला विचारतेस?" मास्तर म्हणाले, आणि भरल्या पुळणीवर, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी मला पहिल्यांदा, पोरं मारायची तशी, बाई म्हणून हाक मारली. "बाई, वर्ग तुमचा आहे. तुम्ही विचारा."

मी विचारलं. योना काय म्हणाला असेल? पोरांनी एकच गिल्ला केला. कुणी म्हणालं तो रडला, कुणी म्हणालं तो पळून परत होडीत बसला, माझा भाऊ म्हणाला त्याने देवाकडे दुसरा वेल मागितला. हौसा उठली, परकर झाडला आणि सगळ्यांना गप्प करून म्हणाली, "तो बोलला, बरं. नि त्या लोकांकडं जेवाला गेला."

मी मास्तरांकडे बघितलं. त्यांनी शर्टाचं वरचं बटण उघडलं, मानेवरचा घाम पुसला आणि म्हणाले, "चालेल."